टायरचे केस

हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मग गोष्ट ऐका, कारण मी खाल्लेली माती साधीसुधी नाही. दुसऱ्या कुणी खाल्ली असती तर लोक म्हणाले असते, जाऊ दे, त्या बिचाऱ्याला काय कळतंय त्यातलं. मला कळतं हो! मला आयुष्यात फक्त त्यातलंच कळतं. तिथेच तर सगळी पंचाईत झाली.

मी चाकणला गाड्यांची चाकं बनवणाऱ्या कंपनीत आहे. अलॉय व्हील. क्वालिटीला. अठरा वर्षं झाली. लाइनवरून चाक येतं, मी ते फिरवतो, मोजतो, त्याच्यावरून हात फिरवतो. ठीक असेल तर हिरवा स्टिकर, नसेल तर लाल फुली. स्टिकरवालं चाक खोक्यात बसून परदेशात जातं, फुलीवालं परत भट्टीत. एवढंच माझं काम.

तुम्ही म्हणाल, मग यात काय विशेष? अहो, मिठाईच्या दुकानात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, ज्याला घरी जाताना एक पेढा नेता येत नाही! काय एकेक चाक असतं म्हणून सांगू! दहा काड्यांचं, गडद राखाडी, कडेला एक बारीक चकाकती रेघ. स्टिकर लावताना मी मनात म्हणायचो, बाबा रे, तू आता जर्मनीला जाणार, कुणाच्या तरी गाडीला लागणार, आणि तो माणूस तुझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही. इकडे मी बघायला बसलोय, तर तुला घरी नेता येत नाही. फुली मारताना तर आणखी जीवावर यायचं. डोळ्यालाही न दिसणारा एक ठिपका, आणि तेवढ्यासाठी असलं देखणं चाक वितळवायचं! पण नियम म्हणजे नियम. गेटवर जेवणाचा डबासुद्धा उघडून बघतात.

त्यात माझी गाडी. दोन वर्षांपूर्वी जुनीच घेतली, पण हवी तीच घेतली. तरुणपणी निगडीच्या चौकात सायकलवर एक पाय टेकून उभा होतो, तेव्हा शेजारी येऊन थांबलेली ती लांबट स्पोर्ट्स सेडान. सिग्नल सुटला, ती गेली, आणि मी तिथेच उभा. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या खानदानाची चौकशी केली तेव्हा कुठे हललो. तीच गाडी इतक्या वर्षांनी हाती लागली. आधीच्या मालकाने आखूड स्प्रिंग टाकून तिला चांगली खाली दाबलेली. लोअर केलेली म्हणतात ना, तसली. जमिनीला चिकटून पळते.

फक्त चाकं मूळचीच होती. पंधरा इंची, बारकी. शेरवानी घालून पायात स्लिपर असावी तशी. रोज कंपनीतून घरी यायचो, पार्किंगमध्ये गाडी लावायचो आणि चार पावलं मागे जाऊन बघायचो. बघून झालं की एक सुस्कारा. वॉचमनला वाटायचं, साहेबांना दम लागतो.

आणि खरं सांगू का? मला नुसती चाकं नको होती. मला वैशालीचा एक ‘वा!’ हवा होता. वैशाली म्हणजे आमच्या सौ. गाडी घेतली त्या दिवसापासून तिने तिला एकच नाव ठेवलंय, ‘बसकी’. “आज बसकी नेणार का स्कूटर?” आत बसताना म्हणते विहिरीत उतरतेय, बाहेर येताना हात पुढे करून म्हणते, “ओढा!” लग्नानंतर दहा वर्षं आमच्याकडे नुसती स्कूटरच होती. तेव्हा मागे बसली की तिचा हात माझ्या खांद्यावर असायचा, आणि चिखलीपासून निगडीपर्यंत ती कानाशी काहीबाही बोलत राहायची. गाडी आली आणि तो हात गेला. आता ती मागे आईशेजारी बसते, मी पुढे एकटा, ड्रायव्हरसारखा. मला वाटायचं, एकदा गाडी अशी दिसली पाहिजे की ही स्वतःहून पुढचं दार उघडेल. काय ही अपेक्षा? पण होती!

तर एका गुरुवारी योग आला. आमच्याकडे रविवार गुरुवारी असतो, हे एमआयडीसीतल्या माणसाला सांगायला नको. भोसरीला अन्वरभाईंचं टायरचं दुकान आहे. सहज गेलो होतो पंक्चर काढायला, आणि भिंतीवर बघतो तर काय! दहा काड्या. गडद राखाडी. कडेला रेघ. सतरा इंची. आमच्या कंपनीचं नव्हतं, पण तोच चेहरा, जुळा भाऊच जणू.

“अन्वरभाई, हे माझ्या गाडीला बसेल?”

अन्वरभाई साठीचे, मेहंदी लावलेली दाढी, बोलणं कमी. त्यांनी चाकाकडे बघितलं, माझ्या दाबलेल्या गाडीकडे बघितलं आणि मान तिरकी केली.

“बसेल साहेब, पण रुंद आहे. बाहेर येतं. तुमची गाडी आधीच खाली बसलेली. त्यापेक्षा हे पलीकडचं घ्या, एक नंबर बारीक.”

पलीकडचं बघितलं. चांगलं होतं. सज्जन चाक होतं. पण मला सज्जन नको होतं!

“मी माप घेऊन येतो,” म्हटलं. “मी याच लाइनमधला आहे.”

घरी आलो. पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली, कंपनीतून आणलेल्या कोऱ्या तपासणी-तक्त्याच्या मागच्या बाजूला चारही चाकांचे रकाने पाडले आणि मोजायला बसलो. टायरपासून मडगार्डपर्यंत जागा किती, आतल्या बाजूला किती, स्प्रिंगपासून किती. प्रत्येक माप तीनदा. मडगार्डखाली आरामात चार बोटं जागा! अहो, रुंद चाक सोडा, मी स्वतः तिथे झोपलो असतो. सगळं लिहिलं, खाली सही केली, ‘तपासले’ असंही लिहिलं. सईने, माझ्या मुलीने विचारलं, “बाबा, ही परीक्षा आहे का?” म्हटलं, परीक्षाच आहे बेटा, आणि बाबा पहिला येणार आहे.

पुढच्या गुरुवारी अन्वरभाईंच्या हातात तो कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला.

“एवढी जागा? या गाडीत?”

“मोजलीय मी.”

“साहेब, आमची एक पद्धत आहे. एक चाक लावतो, गाडी खाली घेतो, मागे तीन माणसं बसवतो आणि समोरच्या स्पीडब्रेकरवरून एक चक्कर मारतो. मग बाकीची लावतो.”

आता इथे मी हो म्हणायला काय हरकत होती, सांगा? दहा मिनिटांचं काम! पण माझ्यातला अठरा वर्षांचा क्वालिटीवाला जागा झाला. माझ्या सहीवर परदेशात चाकं जातात, आणि भोसरीत मला तीन माणसं बसवून दाखवणार?

“अन्वरभाई,” मी म्हटलं, “कागद खोटं बोलत नाही.”

“खरंय साहेब,” ते शांतपणे म्हणाले, “पण कागदाला पोट नसतं.”

मला ते तेव्हा कळलं नाही. मी हसलो सुद्धा. लावा म्हटलं चारही.

आणि लागली हो! नवे रुंद टायर, पातळ कडेचे, आणि त्यात ती दहा काड्यांची चाकं. मी भोसरीहून चिखलीपर्यंत एकटा चालवत आलो. गाडी जरासुद्धा कुरकुरली नाही. प्रत्येक दुकानाच्या काचेत स्वतःला बघत होतो. एका सिग्नलला शेजारी सायकलवर एक गृहस्थ उभे होते, त्यांनी चाकाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मला डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

घरी सगळ्यांना खाली बोलावलं. आईने चारही चाकांखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. वैशाली ओढणीला हात पुसत आली, थांबली, बघितलं. मी श्वास रोखून उभा.

“काळी का घेतली?” ती म्हणाली. “चमकणारी नव्हती?”

म्हटलं, हरकत नाही. आत बसली की कळेल. सगळ्यांना बसवलं, एक चक्कर मारू म्हटलं. लिंबं चिरडली, टाळ्या झाल्या, गाडी निघाली आणि सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर मागून आवाज आला.

खर्रर्रर्र!

“काय झालं?” तिघी एकदम.

तो आवाज मी ओळखला. टायर मडगार्डला घासल्याचा आवाज तो, दुसरं काही नाही. म्हणजे माझं माप चुकलं? माझं? पण हे वैशालीसमोर बोलायचं? आणि मग जिभेवर आलं ते आलं.

“काही नाही, नव्या टायरला केस असतात. ते घासतात. शंभरेक किलोमीटरमध्ये झडतात, मग बंद.”

आता केस असतात हे खोटं नाही बरं का! नव्या टायरवर बारीक बारीक रबरी काड्या असतात, बघितल्या असतील तुम्ही. पण त्या बिचाऱ्या कुणाला घासत नाहीत. त्यांच्यावर मी माझं पाप ढकललं.

“टायरला केस?” आई म्हणाली. आई आमची मूळची लातूरकडची. “माणसाचे झडायलेत आन् टायरला यायलेत. काय जमाना!”

सगळे हसले. मीही हसलो. सुटलो म्हटलं.

कसला सुटतोय! दुसऱ्या दिवशी कंपनीतून आलो तर पार्किंगमध्ये बायकांचा घोळका. आत घुसून बघतो तर आई पाटावर बसलेली, माझ्या मागच्या चाकाला टेकून, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि हातात नेलकटर. एकेक केस धरायची आणि कट! धरायची आणि कट! शेजारच्या कुलकर्णी काकू बाजूला बसून मोबाइलची बॅटरी दाखवत होत्या.

“आई! हे काय करायलीस?”

“आवाज येतो म्हणलास ना. शंभर किलोमीटर कशाला थांबायचं? दीड चाक झालं बघ. तुला रविवारी खेडला जायचंय सगळ्यांना घेऊन, तवर चारी करते.”

अहो, त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. सत्तरीची माऊली, गुडघे दुखतात तिचे, ती माझ्या थापेचे केस कापत बसली होती! पण कुलकर्णी काकू म्हणाल्या, “तुमचं भाग्य हो, अशी आई मिळाली.” आणि मी नुसती मान डोलावली. मी वर गेलो. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, शनिवार आणि रविवारची सकाळ, असे तीन दिवस हा कार्यक्रम चालला. दुसऱ्या दिवशी वॉचमननेही भर घातली, म्हणाला मावशी, आतल्या बाजूचे राहिले. सईने शाळेत सांगितलं की आमच्या गाडीची दाढी करतात. मी रात्री पडल्या पडल्या मापांचा कागद पुन्हा पुन्हा बघायचो. चार बोटं! चार बोटं जागा होती, माझ्या या डोळ्यांनी बघितली. मग ती जातेय कुठे? एकटा चालवली की आवाज नाही. माणसं बसली की आवाज. मला तर वाटायला लागलं की माझ्याच घरच्यांच्या वजनात काहीतरी खोट आहे.

रविवार उजाडला. वैशालीच्या भाचीचा साखरपुडा, खेडला, तिच्या माहेरी. संध्याकाळी पाचचा मुहूर्त. मी सुट्टी टाकली. तिच्या माहेरच्या अंगणात ती गाडी उभी राहणार, सगळे बघणार, आणि कोण जाणे, त्यांचं बघून हिलाही वाटेल. माझा सगळा जीव त्या अंगणात जाऊन बसला होता. पुढे वैशाली बसली! होय, स्वतःहून! कारण मागे आई, सई आणि बुंदीच्या लाडवांचे दोन मोठे डबे होते, तिथे जागाच नव्हती. पण कारणं कुणी विचारतंय?

“आज बघा,” आई मागून म्हणाली, “एक केस न्हाई ठिवला. आवाज येतो का बघा.”

गेटचा स्पीडब्रेकर आला. खर्रर्रर्रर्र! नेहमीपेक्षा जास्त, लाडवांमुळे.

मी आरशात बघितलं. आईचं तोंड एवढंसं झालेलं. हळूच म्हणाली, “माझंच कुठंतरी ऱ्हायलं आसंल रे. नजर कमी झालीय आताशा.”

सांगतो तुम्हाला, आयुष्यात अनेकदा लाज वाटलीय, पण त्या वाक्याने जी वाटली तशी कधी नाही. तरीही बोललो का? नाही. शेळपट माणूस! उलट नवीन शक्कल काढली. “स्पीडब्रेकर आला की जरा उतरता का? दोन मिनिटं. नवीन गाडीला सांभाळून घ्यावं लागतं.”

“गाडी जुनी आहे,” वैशाली म्हणाली.

“चाकं नवीन आहेत ना.”

मग आमची वरात सुरू झाली. स्पीडब्रेकर आला की मी थांबणार. वैशाली विहिरीतून बाहेर, मग आईला ओढून बाहेर, मग सई. मी रिकामी गाडी अलगद पलीकडे नेणार, तिघी मागून चालत येणार, पुन्हा बसणार. चिखली ते मोशी किती स्पीडब्रेकर आहेत हे महापालिकेला माहीत नसेल, आमच्या आईला माहीत आहे. मोशीजवळ वैशालीने भरजरी साडीचा काठ हातात गोळा केला आणि विचारलं, “मी चालतच येऊ का खेडपर्यंत?” कुरुळीच्या पुढे आई म्हणाली, “मला या डब्यातला लाडू दे, भोवळ यायलीय.” लाडू कमी होईल तेवढं वजन कमी, म्हणून मीही नको म्हटलं नाही.

आणि चाकण. तळेगाव चौकाच्या अलीकडे नेहमीसारखा जाम. ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, सगळं ठप्प. रस्ता मध्येच उखडलेला, एक मोठा खड्डा अगदी माझ्या समोर. उतरवल्याशिवाय इलाज नव्हता. तिघी उतरल्या. भर रस्त्यात, नटूनथटून, हातात लाडवांचे डबे. आणि नेमकी शेजारी येऊन कोण थांबावी? आमच्या कंपनीची बस! पहिली शिफ्ट सुटलेली, राजगुरुनगरकडे, म्हणजे खेडकडेच निघालेली. ओळखीची चाळीस डोकी खिडक्यांतून बाहेर.

“अरे, जाधवसाहेब! वहिनींना ढकलायला उतरवलं काय?”

“भावा, गाडी बंद पडली का?”

“राव, चाकं बघा चाकं! कसली जबरी टाकलीत!”

चाकं जबरी म्हणाले तेवढ्यात माझी छाती फुगलीच, काय करणार, माणूस आहे. तेवढ्यात टूलरूमचे गायकवाडनाना बसमधून खाली उतरले. नाना म्हणजे आमच्या कंपनीतला शेवटचा शब्द. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, पण नुसत्या अंगठ्याने मिलिमीटर सांगतात. ते माझ्या गाडीमागे गेले, उकिडवे बसले, मडगार्डखाली अंगठा घातला. अंगठा आत जाईना.

“सतीश,” नाना तिथूनच म्हणाले, “माप कोणी घेतलं?”

“मीच.”

“कसं घेतलं?”

“तीनदा घेतलं नाना. चार बोटं जागा होती.”

“गाडी जमिनीवर होती का जॅकवर?”

तुम्हाला सांगतो, चाकणच्या त्या जाममध्ये शंभर हॉर्न वाजत होते. मला एकही ऐकू येईना. डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि त्या उजेडात मी स्वतःला पार्किंगमध्ये जॅकवर चढवलेल्या गाडीखाली तीनतीनदा मोजताना बघितलं. जॅकवर गाडी उचलली की चाक खाली लोंबतं. मग जागा दिसणारच! चार काय, सहा बोटं दिसतील! खाली उतरवली की गाडी चाकावर बसते, माणसं भरली की आणखी बसते, आणि माझी गाडी तर आधीच दाबलेली. ज्या दिवशी कामाला लागलो त्या दिवशी पहिल्या तासाला नानांनीच शिकवलं होतं, माप घ्यायचं ते वस्तू ज्या अवस्थेत काम करते त्या अवस्थेत. आज नवीन ट्रेनींना मी तेच शिकवतो! वर टाळ्या घेतो!

“जॅकवर,” मी म्हटलं. म्हणजे ओठ हलवले.

बसमधून जो हशा उठला, तो पलीकडे आंबेठाणला ऐकू गेला असेल.

“जॅकवर म्हणजे काय?” वैशालीने विचारलं.

“वहिनी, सोपंय,” नाना म्हणाले. “पोट आत ओढून कमरेचं माप द्यायचं, आणि त्या मापाची पँट घालून पंगतीला बसायचं. तेच केलंय साहेबांनी.”

“म्हणजे तो आवाज टायरच्या केसांचा नव्हता?”

“केसांचा?” नाना माझ्याकडे बघायला लागले.

मी खाली बघितलं. आईने लाडवाचा डबा छातीशी धरलेला होता. ती म्हणाली, “सत्या, म्हंजे तीन दिस मी काय कापत होते रे?”

सांगितलं शेवटी. सगळं सांगितलं, भर रस्त्यात, सगळ्या बसच्या साक्षीने. चूक माझी होती, वैशालीसमोर कबूल करवेना, म्हणून थाप मारली, आणि तू नेलकटर घेऊन बसलीस तेव्हाही तोंड उघडलं नाही. माफ कर म्हटलं. मला वाटलं आई रागावेल. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले, आणि मग तिला असं हसू लोटलं की डबा सईकडे द्यावा लागला. “नाकापरीस मोती जड,” एवढंच म्हणत होती, आणि पुन्हा हसत होती.

वैशाली हसली नाही. तिने घड्याळ बघितलं. “मुहूर्त पाचचा आहे,” ती नानांना म्हणाली. “तुमची बस खेडला जाते?”

“स्टँडपर्यंत. चला की!”

झालं! माझ्या डोळ्यांदेखत माझं सगळं घर बसमध्ये चढलं. आईला खिडकी मिळाली. सईला ड्रायव्हरशेजारची जागा. लाडवांचा डबा बसमध्ये फिरला असणार, कारण सगळी खिडकीतली तोंडं हलत होती.

आणि मी? मी बसच्या मागे, एकटा. जाम सुटला, रस्ता मोकळा झाला, माझी गाडी रिकामी, आवाज कसला म्हणून नाही. लोक बघत होते. एका बाइकवाल्याने तर अंगठा वर केला. मला हवी तशी गाडी, हवी तशी चाकं, हवा तसा रस्ता. आणि मी सबंध वेळ बघत होतो बसच्या मागच्या काचेत. आत वैशाली कुणाशी तरी बोलत होती, हातवारे करत. नक्की माझाच विषय. तशी ती स्कूटरवर माझ्या कानाशी बोलायची. इतकं मन लावून तिला बोलताना मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं, आणि आता बघत होतो ते दुसऱ्याच्या बसच्या काचेतून. काय बोलत असेल? किती दिवसांत मी विचारलंच नाही हिला काही. आरशात चाकं दिसतात का तेच बघत बसलो.

खेडला अंगणात गाडी लावली तर माझं स्वप्न पूर्ण झालं, बरं का! तंतोतंत! सगळं गाव गोळा. मेहुणा धावत आला. “दाजी! लय भारी हाय राव! फोटो काढू द्या. आन् ताई कुठंय?”

“बसने येतेय.”

“बसनं? एवढी गाडी आसताना?”

“व्हय,” मी म्हटलं. तिकडे गेलं की माझंही व्हय होतं.

साखरपुडा झाला, जेवणं झाली. निघायची वेळ झाली. आई आणि सईला मेहुणा त्याच्या जीपमधून सोडणार असं ठरलं. मी गाडी वळवून ओट्यापाशी आणली. वैशाली ओटीची पिशवी घेऊन उभी होती, दोन मोठे नारळ, खण, तांदूळ. ती पायऱ्या उतरली आणि थांबली. गाडीकडे बघत राहिली. पुढून बघितलं, बाजूने बघितलं, चार पावलं मागे जाऊन बघितलं. अगदी मी बघतो तसं.

“अहो,” ती म्हणाली, “खरं सांगू? छान दिसते गाडी. वा!”

ऐकलंत? वा! दोन वर्षं! ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप केला तो शब्द, आणि मी काही न करता मिळाला.

“वैशू, बस ना पुढे,” म्हटलं. “आपण दोघंच. आवाज आला तर येऊ दे. घासू दे मडगार्ड, जाऊ दे रंग. पुढच्या गुरुवारी अन्वरभाईंकडे जाऊन ते बारीक चाक लावतो. आज फक्त बस. काय बोलत होतीस बसमध्ये, ते सांग.”

तिने माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, आली! तिने पुढचं दार उघडलं, स्वतःहून. वाकली. आणि हातातली पिशवी सीटवर ठेवली. नीट बसवली, नारळ उभे केले, त्यांना सीटबेल्ट लावला, ओढून बघितला.

“एवढं वजन पेलेल ना?” तिने विचारलं, दार लावलं, आणि जीपमध्ये जाऊन बसली.

मी आणि ते दोन नारळ निघालो. काय सांगू तुम्हाला माझी अवस्था! चाकण गेलं, कुरुळी गेली. कुणी बोलत नव्हतं. मोशीला पहिला स्पीडब्रेकर आला, मी सवयीने गाडी थांबवली, शेजारी वळलो आणि म्हणालो, “जरा उतरता का?”